दुरुस्तीची जागा

ब्लॉग लिहिणाऱ्याला पत्रकार म्हणायचे की नाही, हा वाद गेली वीस-पंचवीस वर्षे त्याच दोन टोकांवर अडकून पडला आहे. एक बाजू म्हणते, ज्याच्या डोक्यावर संपादक नाही, ज्याला कुणी नेमले नाही आणि कुणी काढूही शकत नाही, त्याच्या लिखाणाला बातमी म्हणायचे कशाला? दुसरी बाजू म्हणते, ज्यांच्या डोक्यावर संपादक होते त्यांनीच एवढे घोटाळे केले, मग त्यांनी कोणत्या तोंडाने शिकवावे? एकाने बॉस्टनच्या स्फोटांनंतर इंटरनेटवर निरपराधाला संशयित ठरवले गेल्याचे उदाहरण द्यायचे, दुसऱ्याने खोट्या बातम्या लिहिणाऱ्या वर्तमानपत्री बातमीदार जेसन ब्लेअरचे, आणि आपापल्या टाळ्या घेऊन बसायचे. त्या प्रकरणांत तपासणी नेमकी कोणत्या पायरीवर निसटली, ती कुणी पकडली आणि कशामुळे पकडता आली, हे उलगडून पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

माझे म्हणणे मी आधीच सांगून टाकतो. लिहिणाऱ्याची नोकरी, पदवी किंवा त्याच्यामागचे छापखान्याचे नाव यांवरून मजकुराचा भरवसा ठरवणे चूक आहे. तो दोन गोष्टींवर ठरायला हवा. पुरावा वाचकाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवला आहे का? आणि चूक निघाली की तिची दुरुस्ती कुठे छापली जाते? माध्यमांतले मोठे घोटाळे या दोन प्रश्नांवर घासून पाहिले, तर वर्तमानपत्र विरुद्ध ब्लॉग ही विभागणी फारशी कामाची उरत नाही.

सुरुवात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आणि सर्वांत कमी समजून घेतलेल्या उदाहरणापासून करू. ८ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या तरुणपणच्या लष्करी सेवेविषयीची काही टिपणे दाखवली. ती १९७२-७३ मध्ये त्यांचे वरिष्ठ जेरी किलियन यांनी लिहिली, असे सांगितले गेले. किलियन १९८४ मध्येच वारले होते, आणि अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. वाहिनीने टिपणांच्या प्रती आपल्या संकेतस्थळावरही ठेवल्या. त्याच रात्री कुणाच्या तरी लक्षात आले, की या अक्षरांची रुंदी सारखी नाही. साध्या टाइपरायटरवर अरुंद अक्षर आणि रुंद अक्षर दोन्ही सारखीच जागा खातात. इथे प्रत्येक अक्षराने आपल्यापुरतीच जागा घेतली होती. चार्ल्स जॉन्सन या ब्लॉगरने मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडले, एकही सेटिंग न बदलता एका टिपणाचा मजकूर जसाच्या तसा टाइप केला आणि वाहिनीची प्रत व आपली प्रत आळीपाळीने दिसतील असे हलते चित्र टाकले. ओळी त्याच शब्दांवर तुटत होत्या, अक्षरे अक्षरांवर बसत होती. टाइपरायटरवर ओळ कुठे तोडायची हे टंकलेखकाचा हात ठरवतो, वर्डमध्ये ते समासाचे माप ठरवते. २००४ मधले सॉफ्टवेअर जिथे आपोआप ओळ तोडते, नेमकी तिथेच तीस वर्षांपूर्वीच्या माणसाने प्रत्येक ओळ तोडावी, हा योगायोग कसा मानायचा?

या विजयाची गोष्ट सांगणारे एक भाग गाळतात. त्या पहिल्या दोन दिवसांत अनेक ब्लॉगरांनी ठणकावून लिहिले होते, की १९७२ मध्ये असे टंकलेखन शक्यच नव्हते. हे चूक होते. अक्षरागणिक जागा सोडणारी आयबीएमची यंत्रे १९४० च्या दशकापासून बाजारात होती, आणि अंकांनंतरची बारीक, वर उचललेली अक्षरे उमटवणाऱ्या पट्ट्याही काही यंत्रांना बसवलेल्या असत. म्हणजे सगळ्यांत जोरात केला गेलेला युक्तिवाद कच्चा होता; टिकला तो ओळी जुळण्याचा शांत, कुणालाही घरी करून पाहता येईल असा प्रयोग. ज्यांना जुनी यंत्रे माहीत होती त्यांनी हा कच्चेपणाही तिथल्या तिथे दाखवून दिला.

वाहिनीच्या आत काय चुकले, तेही पाहण्यासारखे आहे. तिच्याकडे मूळ कागद नव्हतेच, फक्त छायाप्रती होत्या. छायाप्रतीवरून कागदाचे वय कळत नाही, शाई कळत नाही, अक्षराचा कागदावर पडलेला दाब कळत नाही. ज्या तज्ज्ञाच्या जोरावर वाहिनी उभी होती त्याने हमी दिली होती ती फक्त सहीची, आणि सही दुसऱ्या कागदावरून उचलून चिकटवली तर छायाप्रतीत तो जोड दिसत नाही. शंका घेणाऱ्या तज्ज्ञांचे बोलणे प्रसारणाआधीच बाजूला पडले होते. प्रती देणाऱ्याने त्या आपल्याला कुठून मिळाल्या याबद्दल खोटे सांगितले होते, आणि ते पडताळण्यासाठी साखळीतल्या पुढच्या माणसापर्यंत कुणी गेलेच नाही. वाहिनी बारा दिवस अडून राहिली. २० सप्टेंबरला तिने कबूल केले, की हे कागद खरे असल्याचे आपण सिद्ध करू शकत नाही. जानेवारी २००५ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि त्या कार्यक्रमाची निर्माती बडतर्फ झाली. कागद बनावट आहेत, असा ठाम निष्कर्ष समितीने काढला नाही. खात्री नसताना ते दाखवले आणि नंतर आंधळेपणाने त्यांची पाठराखण केली, असा तिचा ठपका होता.

यातून "ब्लॉग जिंकले, वाहिनी हरली" एवढाच अर्थ काढणाऱ्यांना मला विचारायचे आहे, की वाहिनीने त्या प्रती संकेतस्थळावर ठेवल्याच नसत्या तर? पडद्यावर चार सेकंद चमकलेल्या कागदाच्या ओळी कुणाला मोजता आल्या असत्या? तिची चूक उघडी पडली ती तिच्याच एका योग्य कृतीमुळे. घाईत, फारसा विचार न करता का होईना, तिने पुरावा खुला ठेवला होता.

असाच एक खटला मराठी पत्रकारितेच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करत आहेत, असे आरोप या पत्रांनी केले होते, आणि त्यांच्या मुळाशी बर्व्यांची म्हणून हाती आलेली काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, कोर्टात पत्रे बनावट ठरली, संपादकांनी माफी मागितली, तरीही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवसांनी सुटका झाली. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण तिच्यात एक धडा आहे, त्याला आपण हात लावत नाही. हेतू शुद्ध, संताप खरा, समोरचा माणूस सत्तेतला, आणि हातातला कागद खोटा. सीबीएसच्या निर्मातीची स्थिती याहून किती वेगळी होती? आपल्याला जे आधीच पटलेले असते त्याला दुजोरा देणारा कागद आला, की त्या कागदाला प्रश्न विचारण्याची इच्छाच मरते. फरक आहे तो पुढचा. १८८२ मध्ये ती पत्रे पारखण्याची एकच जागा होती, ती म्हणजे कोर्ट. तिथवर पोहोचेपर्यंत आरोप गावोगाव गेलेला आणि संपादक पिंजऱ्यात उभे. २००४ मध्ये ती पारख एका रात्रीत सुरू झाली.

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केले पाहिजे. संपादक ही काही शोभेची जागा नाही. चांगल्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून छपाईला देणाऱ्या विभागात, बातमीतले प्रत्येक नाव, हुद्दा, तारीख आणि आकडा वेगळा काढून तपासला जातो. आकड्यांची बेरीज केली जाते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमका आरोप सांगून उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला जातो. दोन सूत्रे आहेत असे बातमीदार म्हणाला, तर ती दोघे एकाच तिसऱ्याकडून ऐकून सांगत नाहीत ना, हे विचारले जाते. वकील मजकूर वाचतो. आणि मथळा बातमीहून जास्त काही म्हणत नाही ना, हे शेवटी पाहिले जाते. यांतली एकही पायरी एकट्याने, रात्री जागून लिहिणाऱ्या ब्लॉगरला सहज जमणारी नाही. शिवाय शोधाला पैसा आणि वेळ लागतो. ब्रिटनमधल्या फोन हॅकिंगचे, म्हणजे एका साप्ताहिकाच्या लोकांनी इतरांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याचे प्रकरण 'गार्डियन'ने जुलै २००९ मध्ये मांडले आणि ते फुटायला जुलै २०११ उजाडले. दोन वर्षे एकाच विषयावर माणूस बसवून ठेवणे, धमक्या आणि दुर्लक्ष दोन्ही सोसणे, हे संस्थेचे बळ आहे. ते नाकारणारा ब्लॉगसमर्थक स्वतःचीच फसवणूक करतो.

हे सगळे मान्य, तरी त्यातून "म्हणून संस्थेवर विश्वास ठेवा" हे निघत नाही. स्टीफन ग्लासचे प्रकरण याच पायऱ्यांच्या भोकातून घडले. मे १९९८ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' साप्ताहिकात त्याने एका पंधरा वर्षांच्या हॅकरची कहाणी लिहिली. हा मुलगा एका कंपनीची यंत्रणा फोडतो आणि तीच कंपनी त्याला नोकरी देऊ करते. साप्ताहिकात तथ्यतपासणी कडक होती. पण जिथे दुसरे साधन नसे तिथे ती लेखकाच्या स्वतःच्या टिपणांशी ताडून होत असे, आणि ग्लासने स्वतःच पूर्वी तपासनिसाचे काम केलेले असल्यामुळे कशाला टिपणे मागितली जातात आणि कशाला कागद, हे त्याला पाठ होते. त्याने टिपणेच खोटी लिहिली. हे उघड केले 'फोर्ब्स'च्या ऑनलाइन आवृत्तीच्या ॲडम पेनेनबर्ग या बातमीदाराने, आणि तेही त्याच विषयावरची बातमी आपल्याकडून कशी सुटली, या चिंतेतून. त्याने केले ते कुणीही करू शकले असते. जुन्या बातम्यांच्या संग्रहात कंपनीचे नाव शोधले, एकही उल्लेख नाही. कॅलिफोर्नियाच्या करखात्यात विचारले, नोंद नाही. फोन डिरेक्टरीत नाव नाही. कंपनीचे म्हणून दाखवले गेलेले संकेतस्थळ एओएल या इंटरनेट सेवेवर ग्राहकांना मिळणाऱ्या सदस्यपानावर, घाईने उभारलेले. मग साप्ताहिकाचे संपादक ग्लासला घेऊन, हॅकरांची परिषद भरल्याचे त्याने लिहिले होते त्या इमारतीत गेले, तर लेखातल्या त्या रविवारी ती इमारत बंद होती असे कळले. त्याचे ४१ लेख तपासले गेले. त्यांतले २७ पूर्ण किंवा अंशतः बनावट निघाले.

जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने एप्रिल १९८३ मध्ये हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचे जाहीर केले, त्यासाठी ९३ लाख मार्क मोजले होते. तज्ज्ञांकडून अक्षर तपासून घेतले होते, हे खरे. पण ज्या नमुन्यांशी अक्षर ताडायचे त्यांतले काही नमुने त्याच बनावटगाराने लिहिलेले होते! अक्षर जुळणारच. मक्तेदारीची बातमी फुटू नये म्हणून इतकी गुप्तता पाळली, की कागद, शाई आणि बांधणी यांची पुरती रासायनिक तपासणी झाली ती घोषणेनंतर. दोन आठवड्यांत जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराने सांगितले, की कागदात आणि बांधणीत युद्धानंतरचे पदार्थ आहेत. संस्था मोठी, पैसा भरपूर, तज्ज्ञ हजर, आणि तपासणी बंद दाराआड. चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींना पुरून उरली.

जेसन ब्लेअरच्या प्रकरणातला एक तपशील मला बाकी सगळ्यांहून अस्वस्थ करतो. २००३ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'चा हा बातमीदार न्यू यॉर्कमध्ये बसून दूरदूरच्या गावांच्या डेटलाइन (बातमी जिथून लिहिली त्या गावाचे नाव) टाकत होता, दुसऱ्यांच्या बातम्यांतून वर्णने उचलत होता. वेस्ट व्हर्जिनियात, इराकमध्ये युद्धकैदी झालेल्या एका सैनिक मुलीच्या घराचे वर्णन करताना त्याने लिहिले, की ओसरीवरून तंबाखूची शेते आणि गुरांची कुरणे दिसतात. तिथून असे काहीच दिसत नव्हते. घरच्यांनी ते वाचले, आपसांत चेष्टा केली आणि सोडून दिले. तक्रार का केली नाही? कारण वर्तमानपत्रे अशीच लिहितात, असे त्यांनी गृहीत धरले होते. विचार करा: जगातल्या सर्वांत नावाजलेल्या दैनिकाबद्दल, ज्यांच्या घराबद्दल बातमी आहे त्या माणसांना वाटते, की खरे सांगून उपयोग नाही. ब्लेअर पकडला गेला तो टेक्सासच्या एका दैनिकाच्या बातमीदार बाईने आपला मजकूर ओळखला म्हणून. मे २००३ मध्ये 'टाइम्स'ने पहिल्या पानावर आपल्याच घोटाळ्याचा सात हजारांहून अधिक शब्दांचा वृत्तान्त छापला. राष्ट्रीय बातम्या त्याच्याकडे आल्यापासूनच्या ७३ लेखांपैकी किमान ३६ मध्ये गफलती निघाल्या होत्या. हे धैर्य मोठेच. पण त्या ओसरीवरच्या माणसांचा एक फोन महिनाभर आधी आला असता आणि कुणी तो ऐकून घेतला असता, तर?

हाच दोष २०१८ मध्ये 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने कबूल केलेल्या, आपला बातमीदार क्लास रेलोटियस याच्या प्रकरणात पुन्हा दिसतो. या साप्ताहिकाचा तपासणी विभाग जगातल्या सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक. तरीही अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका लहान गावाबद्दल रेलोटियसने मनाला येईल ते रचले, अगदी गावाच्या वेशीवर मेक्सिकन लोकांनी लांब राहावे अशी पाटी असल्याचेही. पाटी नव्हती. गावातल्या दोन रहिवाशांनी एका ब्लॉगस्थळावर त्या लेखातल्या खोट्या गोष्टी एकेक करून मांडल्या, प्रत्येकीपुढे खरी स्थिती लिहून. दूरच्या शहरातल्या तपासनिसाला गावाची लोकसंख्या पुस्तकात सापडते. वेशीवर पाटी आहे की नाही, हे त्या वेशीतून रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते. ब्लॉगचा खरा उपयोग मला इथे दिसतो: ज्याच्याबद्दल लिहिले गेले त्याला पहिल्यांदाच, कुणाची परवानगी न घेता, उत्तर देता येते.

आणि बॉस्टन? तो आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा तो सर्वांत बळकट पुरावा आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट या चर्चास्थळावर हजारो लोक गर्दीचे फोटो चाळू लागले, पाठपिशव्यांवर लाल वर्तुळे काढू लागले, आणि एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून पसरले. त्याचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता. त्याचा मृतदेह नंतर सापडला. त्याचा शोध घेणाऱ्या घरच्यांवर त्या रात्री काय गुजरली असेल? त्याच आठवड्यात 'न्यू यॉर्क पोस्ट' या छापील दैनिकाने दोन निरपराध तरुणांचा फोटो पहिल्या पानावर छापला, हेही खरे. पण एकाच्या चुकीने दुसऱ्याची चूक धुतली जात नाही.

मला यातून स्वतःच्या भूमिकेला एक मर्यादा घालावी लागते, आणि मी ती घालतो. खुली तपासणी कागदाला मानवते, माणसाला मानवत नाही. टिपण खोटे आहे की खरे हे हजार जणांनी तपासले आणि नऊशे चुकले, तरी कागदाचे काही बिघडत नाही. उरलेल्या शंभरांमधून उत्तर निघते. माणूस गुन्हेगार आहे की नाही हे हजार जणांनी उघड्यावर तपासले, तर पहिल्या चुकलेल्या अंदाजालाच त्याचे आयुष्य मोडते, आणि नंतरची दुरुस्ती त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. सीबीएसच्या वेळी गर्दी कागद पाहत होती, बॉस्टनला ती चेहरे पाहत होती. म्हणून नाव घेण्याआधी "अजून नाही" म्हणण्याचा अधिकार कुणाला तरी हवा. एकट्या ब्लॉगरला तो स्वतःलाच द्यावा लागतो: आरोपाचे नाव असलेला मजकूर ज्या रात्री लिहिला त्या रात्री टाकायचा नाही, दुसऱ्या एका माणसाला वाचायला द्यायचा, आणि ज्याचे नाव आहे त्याला आधी विचारायचे. हे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

एक लहानसे उदाहरण. मार्च २००९ मध्ये संगीतकार मॉरिस जार वारले तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावरच्या त्यांच्या पानात एक भावुक वाक्य त्यांच्या तोंडी घातले. ते वाक्य कुणीच कधी बोलले नव्हते. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ते आधार दिलेला नाही म्हणून काढून टाकले, एकदा नव्हे, पुन्हा घातल्यावर पुन्हा. पण मधल्या थोड्या वेळात ते अनेक नामांकित वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत गेले, आणि विद्यार्थ्याने जवळपास महिन्याने स्वतःहून कळवेपर्यंत कुणालाच पत्ता नव्हता. पगारी संपादक नसलेल्या जागेने वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे कुठून आले? पगारी संपादक असलेल्या जागांनी तो विचारला नाही. यापुढची गंमतशीर नव्हे, धोकादायक पायरी अशी, की वर्तमानपत्रात छापून आलेले ते वाक्य उद्या विकिपीडियात परत घालताना वर्तमानपत्रालाच आधार म्हणून दाखवता येते. खोटी गोष्ट अशी वर्तुळात फिरून खरी होते.

घोटाळ्यांवर उपाय म्हणून ब्लॉगर आणि ऑनलाइन बातमीस्थळांना नोंदणी किंवा परवाना सक्तीचा करावा, असे आता पुष्कळ शहाणी माणसेही म्हणू लागली आहेत. हा उपाय आपण करून पाहिलेला आहे. १८२३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने बंगालमध्ये छापण्यासाठी परवाना सक्तीचा केला; राममोहन रॉय यांनी निषेध म्हणून आपले फारसी पत्र 'मिरात-उल-अखबार' बंद केले. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफ यांनी ती सक्ती उठवली. १८७८ मध्ये देशी भाषांतील पत्रांवर नवा कायदा आला आणि 'अमृत बझार पत्रिका' त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी इंग्रजीत निघू लागली. या कायद्यांमुळे एक तरी खोटी बातमी थांबली का? थांबली ती नकोशी बातमी. परवाना देणाऱ्याला खोटे आणि अडचणीचे यांत फरक करायचा नसतो, आणि तो करण्याची साधनेही त्याच्याकडे नसतात. ऑनलाइन 'त्रासदायक' संदेशांना गुन्हा ठरवणारे, आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते याच कारणाने: 'त्रासदायक' या शब्दात कुणालाही बसवता येत होते.

बरे, संस्थांनी स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी म्हटले तर? भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २००९ च्या निवडणुकांतील पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, सविस्तर अहवाल लिहिला, वर्तमानपत्रांची नावे घेऊन. कौन्सिलने २०१० मध्ये त्याची छाटलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. पूर्ण अहवाल तिने अधिकृतपणे खुला केला तो माहिती अधिकाराच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. पेड न्यूज हा माझ्या मते ब्लेअर-ग्लासच्या घोटाळ्यांहून मोठा घोटाळा आहे, कारण त्यात वाक्ये सगळी खरी असू शकतात. सभा झाली, गर्दी होती, उमेदवार बोलले. खोटे एवढेच, की हे बातमी म्हणून छापले, जाहिरात म्हणून नाही. ते पकडायची रीतही सोपी आहे: दोन स्पर्धक दैनिकांत एकाच दिवशी वेगळ्या बातमीदारांच्या नावाने शब्दशः तोच मजकूर दिसला, की तो कुणीतरी तिसऱ्याने लिहून दिलेला आहे. ब्लॉगलेखकांनी इथे फार मान वर करू नये. फुकट मिळालेल्या वस्तूचे कौतुक करताना ती फुकट मिळाल्याचे पहिल्या परिच्छेदात न लिहिणे ही तीच गोष्ट आहे, लहान मापाची.

मग हाती उरते काय? जे उरते ते साधे आहे आणि कुणालाही आजपासून करता येते. मूळ कागद असेल तर पूर्ण पान द्यावे, कापलेला तुकडा नाही. खासगी पत्ते आणि नंबर झाकावेत, बाकी काही झाकू नये. स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये, कारण कुठल्याही ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर दोन मिनिटांत बदलून त्याचे चित्र काढता येते. मूळ पानाची लिंक आणि अभिलेखागारात जतन केलेली प्रत, दोन्ही द्याव्यात, कारण लिंक मरतात. फोटो वापरण्याआधी उलट शोध (फोटोच देऊन तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे पाहणे) घेऊन त्याची सर्वांत जुनी प्रत शोधावी. फोटो पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागावी, कारण समाजमाध्यमांवरून फिरून आलेल्या फोटोतून तारीख-वेळेची नोंद बहुतेक वेळा गळालेली असते.

आणि चूक झाली की? बहुतेक ठिकाणी होते ते असे: ब्लॉगर गुपचूप वाक्य बदलतो किंवा पोस्ट उडवतो, वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या चुकीचा खुलासा आठवड्याने आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींत देते, आणि त्या चार ओळींत मूळ चूक काय होती हे सांगत नाही. दोन्ही रीती वाचकाला फसवतात. दुरुस्ती त्याच पानावर, वरच्या बाजूला, तारीख आणि वेळ घालून हवी. आधी काय लिहिले होते, खरे काय आहे आणि चूक कशी झाली, हे तिन्ही हवे. मूळ मजकूर ज्या वाटेने पसरला त्याच वाटेने दुरुस्तीही पाठवावी. चुकीचा शब्द पुसून टाकू नये, त्यावर रेघ मारावी. काही ब्लॉगलेखक ही रेघ सुरुवातीपासून मारत आले आहेत, आणि छापील कागदाला ते कधी शक्यच नव्हते.

फोन हॅकिंगच्या प्रकरणाकडे मला पुन्हा यायचे आहे. ४ जुलै २०११ रोजी 'गार्डियन'ने लिहिले, की 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या लोकांनी खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा फोन हॅक केला, आणि तिला आलेले निरोप पुसले, त्यामुळे ती जिवंत असल्याची खोटी आशा आईवडिलांना वाटली. देश हादरला. सहा दिवसांनी, १० जुलैला, १६८ वर्षांच्या त्या साप्ताहिकाचा शेवटचा अंक निघाला. हॅकिंग झाले होते, यात शंका उरली नाही. पण डिसेंबरमध्ये पोलिसांच्या तपासातून दिसले, की ती खोटी आशा निर्माण करणारे निरोप त्या बातमीदारांनी पुसल्याचे सिद्ध होत नाही. फोनच्या यंत्रणेनेच ते आपोआप पुसले असण्याची शक्यता होती. बातमीतला सर्वांत जिव्हारी लागणारा तपशील बहुधा चुकीचा होता. 'गार्डियन'ने ते छापले, आणि जुलैमधल्या त्या मूळ बातमीच्या पानावरच तारीख घालून नोंदवले. ती बातमी आज उघडणाऱ्याला आरोप आणि ती दुरुस्ती एकाच पानावर वाचायला मिळतात.